कच्च्या शिवणीचा एक दिवस

वैष्णवीच्या आईच्या डोक्याला अकरा टाके पडले होते. दवाखान्यात उजव्या कानामागचे केस वस्तऱ्याने काढले होते आणि डिसेंबरचा गारठा त्या उघड्या चामडीत शिरत होता. कापूस वेचायला वाकलं की डोक्यावरचा पदर घसरायचा. रुमाल बांधला तर गाठ नेमकी जखमेवर यायची. म्हणून एका रविवारी सकाळी ही बारा वर्षांची पोरगी माझ्या ओसरीत आली आणि म्हणाली, "मॅडम, मले टोपीवाला स्कार्फ शिवाचा हाये. आईसाठी."

मी राळेगावात एकतीस वर्षं शाळेतल्या मुलींना शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर ओसरीत दोन पायमशिनी मांडल्या. रविवारी चार-पाच मुली येतात. कोणी फ्रॉक शिवते, कोणी उशीचा अभ्रा. वैष्णवीने त्याआधी सुईत दोरासुद्धा ओवला नव्हता.

"काय झालं आईला?" मी विचारलं.

"न्हाणीत पडली."

दुसऱ्या मशिनीवर बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पायल बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "माही याडी बी, माही माय, मागच्या साली न्हाणीत पडली होती. माह्या बापाच्या हातानं."

वैष्णवी आधी तिच्याकडे रागाने बघत राहिली, मग तिला हसू आलं. मग तिने सांगितलं. वडिलांचा ट्रॅक्टर बांधावर फसला होता. चाक जागच्या जागी फिरत होतं आणि चिखल वडिलांच्याच अंगावर उडत होता. वेचणीच्या बाया हसल्या. आईसुद्धा हसली. संध्याकाळी घरी वडिलांनी ट्रॅक्टरचा पाना उचलला.

तिचा बाप अमर दारू पीत नव्हता. तंबाखूसुद्धा खात नव्हता. शेत चांगलं होतं, घर पक्कं होतं. त्याच्या हाताचा दोष दारूवर ढकलायची सोय नव्हती, म्हणून गाव त्याला 'तापट' म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. मीही थांबत होते.

वैष्णवीने आईची लग्नातली मरून शाल आणली होती. लोकर जाड होती, पण दोन ठिकाणी कसर लागलेली. मी तिला शाल जमिनीवर पसरायला लावली आणि विचारलं, "कापायच्या आधी काय करायचं?"

"मापं घ्याची."

"कोणाची?"

तिने स्वतःच्याच डोक्याला टेप गुंडाळली. "आईचं डोस्कं माह्याएवढंच हाये. जखमेची पट्टी धरून थोडं जास्त ठेवतो."

टोपीचे दोन सारखे तुकडे काढायचे होते. मागचा गोलवा तिला जमेना, म्हणून मी जेवणाचं ताट दिलं. ताटाची कड खडूने आखली, शिवणीसाठी बोटभर कापड बाहेर सोडलं. खालची पट्टी लांब हवी होती, टोकं गळ्याभोवती एक वेढा घेऊन छातीवर यावीत एवढी. पण कसर लागलेला भाग टाळल्यावर तेवढं सलग कापड निघेना. मग दोन पट्ट्या काढल्या. त्या मानेमागे मधोमध जोडायच्या आणि त्या जोडावर टोपी बसवायची.

"एवढ्या मोठ्या बाईले टोपरं शिवून राह्यली," पायल म्हणाली. "आता घुंगरू बी लाव दोन."

"तुह्या थोबाडाले लावतो," वैष्णवी म्हणाली. कात्री अशी धरली होती की मी ती हळूच काढून घेतली आणि कापताना अंगठा कुठे ठेवायचा ते पुन्हा दाखवलं.

त्या पोरीच्या हातात जोर फार होता. पाय मारायची ती लाथा घातल्यासारखे. चाक उलटं फिरायचं, दोरा गुंतायचा, तुटायचा. तुटला की ती कापड ओढून काढायची आणि सुई वाकायची. चार सुया वाकल्या. पाचवी तिच्या डाव्या हाताच्या बोटातून आरपार गेली. नखातून शिरली ती खाली कापडात रुतली. मी चाक हाताने मागे फिरवलं, सुई हळूहळू वर आली आणि नखाच्या भोकातून रक्त उसळलं. पायलने डोळे मिटले. वैष्णवीने डोळे उघडे ठेवूनच विचारलं, "शालीले नाई ना लागलं?"

मी हळद दाबली, चिंधी बांधली. तिला म्हटलं, आज बास. ती म्हणाली, "उजवा हात हाये ना."

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. अमर चप्पल बाहेर काढून आत आला. चांगला उंच, इस्त्रीचा शर्ट. वाकून नमस्कार केला.

"मॅडम, हिले न्याले आलो. त्रास नाई ना देऊन राह्यली?"

"नाही. चांगली शिकतेय."

"काय शिकून राह्यली?" त्याने मशिनीवरची मरून शाल दोन बोटांनी उचलली. "हे त गौरीचं हाये."

"आईसाठी हाये," वैष्णवी म्हणाली. "थंडी लागते तिले."

"थंडी." त्याने शाल खाली ठेवली, नीट घडी करून. "का डोस्कं झाकाले? गावानं इचाराव, काय झालं बापा गौरीले?" तो माझ्याकडे बघून हसला आणि वैष्णवीचा डावा हात हातात घेतला. चिंधी बांधलेलं बोट त्याच्या मुठीत आलं. तो बोलत राहिला, पाऊस यंदा उशिरा गेला, कापसाला बोंडअळी लागली, आणि मूठ आवळत राहिला. चिंधीतून रक्त त्याच्या बोटांवर आलं. वैष्णवीचे ओठ पांढरे पडले होते. ती एकही शब्द बोलली नाही.

"तिचं बोट दुखावलंय, अमर," मी म्हटलं.

"असं का?" त्याने मूठ उघडली, पाहिली आणि हात तिच्याच ओढणीला पुसला. "पाहून शिवत जा, पोरी."

मी एवढंच बोलले. त्याहून जास्त काही बोलता आलं असतं. फाटक लावून घेता आलं असतं. ते मी केलं नाही, आणि ही गोष्ट लिहायला बसले त्यात तेही आहे.

पुढच्या रविवारी टोपी तयार झाली. आता पट्ट्या जोडून त्यावर टोपी बसवायची होती. इथे माझी एक पद्धत आहे, आणि ती मी एकतीस वर्षांत कधी मोडली नव्हती. नवशिक्या मुलीने आपला पहिला कपडा आधी कच्चा शिवायचा. हाताने, बोटभर लांब टाक्यांनी, रंगात न मिसळणाऱ्या दोऱ्याने, म्हणजे नंतर उसवताना दिसतो. शेवटी गाठ नाही. मग तो एक दिवस अंगात घालायचा. कुठे ओढतंय, कुठे सैल आहे, कुठे टोचतंय, हे अंग सांगतं. ते येऊन मला सांगायचं आणि मगच पक्की शिवण मारायची. थेट मशीन मारलेल्या कपड्यातून मूल काहीच शिकत नाही, असं मी मानते.

"मॅडम, आजच पक्कं करू ना," वैष्णवी म्हणाली. "तिले रोज पहाटे वावरात जावं लागते."

"एक दिवस. उद्या तिला घालायला सांग, संध्याकाळी इकडे घेऊन ये. दहा मिनिटांत मशीन मारू."

"दहा मिन्टाचंच काम हाये त आजच करू."

"नाही."

तिने पांढऱ्या दोऱ्याने कच्चं शिवलं. टाके वाकडेतिकडे होते, पण सगळे सारख्या लांबीचे. तिने तो स्कार्फ पोटाशी धरून सायकलच्या पिशवीत ठेवला.

सोमवारी सकाळी जे घडलं ते मी पाहिलं नाही. वैष्णवीने सांगितलं, वेचणीच्या बायांनी सांगितलं. सगळ्यांचं सांगणं सारखंच होतं.

गौरीने स्कार्फ घातला होता. टोपी कानांवर नीट बसली, टोकांचा गळ्याभोवती एक वेढा. बायांनी तिला हात लावून पाहिलं, लोकर किती ऊबदार आहे म्हणाल्या. आठच्या सुमारास ती विहिरीशी पाणी प्यायला गेली. वैष्णवी शाळेत जाण्याआधी डबा घेऊन तिथेच आली होती. ती विहीर जुनी, दगडी. मोटारीचा पाइप ज्या बाजूने उतरतो तिकडचा कठडा पाच वर्षांपूर्वी पडला तो पुन्हा बांधला नव्हता.

अमर त्याच बाजूने आला. गौरी विहिरीकडे पाठ करून, मोटारीच्या पाण्याखाली गुडघ्यावर वाकून कळशी भरत होती. त्याने मागून, विहिरीच्या काठावर उभं राहून, स्कार्फची दोन्ही टोकं धरली.

"मास्तरणीच्या घरी जाऊन रडली व्हय?" तो म्हणाला. "डोस्कं झाकून गावाले सांगून राह्यली, मी मारतो म्हणून?"

त्याने टोकं दोन्ही मुठींना गुंडाळली आणि ओढली. गौरी गुडघ्यावरून उठली, मग टाचांवर आली, मग टाचाही उचलल्या गेल्या. कळशी घरंगळून विहिरीत पडली. तिने वेढ्यात बोटं घालायचा प्रयत्न केला, बोटं आत जाईनात. तिचं तोंड शालीच्या रंगाचं झालं, जीभ दातांत आली. वैष्णवीने बापाच्या पाठीवर डबा मारला, दोनदा, तिसऱ्यांदा डब्याचं झाकण उडून वरण त्याच्या मानेवर सांडलं. त्याने मागे न बघता कोपर मारलं आणि ती कापसाच्या पऱ्हाटीत जाऊन पडली. वेचणीच्या सात बाया वीस हातांवर उभ्या होत्या. ओटीतला कापूस सांडत त्या धावल्या, पण वीस हात म्हणजे फार.

त्याने आणखी जोर लावण्यासाठी पाय रोवले आणि सगळं अंग मागे टाकलं. मानेमागचा जोड सुटला. पांढरा दोरा एका सपाट्यात सर्रकन निघाला. दोन्ही हातांत एक एक पट्टी घेऊन अमर पाठीवर मागे गेला आणि मागे कठडा नव्हता. मोटारीला आधार दिलेला लोखंडी अँगल विहिरीत दहा फुटांवर आहे. त्याचं डोकं तिथे आपटलं. आवाज बायांपर्यंत आला. मग पाण्याचा आवाज.

बायांनी दोर टाकला. दोर पाण्यावर तरंगत राहिला. अमरला वर काढलं तेव्हा एका मुठीत पट्टी तशीच गुंडाळलेली होती.

गौरी वाचली. गळ्याभोवती काळीनिळी पट्टी उमटली होती आणि आवाज गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आवाज येईल, पण महिनाभर बोलायचं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी अमरचे वडील माझ्याकडे आले. सदाशिवराव सत्तरीचे, धोतर, डोक्याला उपरणं. त्यांनी वैष्णवीला दंडाला धरून आणलं होतं. पोरगी पाच दिवसांत निम्मी झाली होती. त्यांनी कापडी पिशवीतून मरून पट्टी काढून माझ्या मशिनीवर टाकली. काठाला पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे लोंबत होते.

"बाई, हे तुमी शिकवलं?"

"हो."

"लाल शालीले पांढरा दोरा. बोट बोट लांब टाके, शेवटाले गाठ नाई. आमच्या घरचं कापसाचं पोतं बी याहून पक्कं शिवतात."

"ते कच्चं होतं. पक्कं करायचं राहिलं होतं."

"मंग घरी नेऊ काहून देल्लं?"

"मी सांगितलं म्हणून. ती पक्कं करू म्हणत होती. मी नाही म्हटलं."

त्यांनी वैष्णवीचा दंड हलवला. "हे काय म्हणते माहीत हाये? 'आबा, मीच मारलं बाबाले.' जेवत नाई, पाणी पीत नाई, एवढंच म्हणते. अन् मी बी तेच म्हणून राह्यलो. उद्या ठाण्यात माहा जबाब हाये. मायलेकीनं जाणून कच्चं ठेवलं, अन् गौरी इहिरीपाशी उभी राह्यली, असं सांगणार हावो मी."

"सदाशिवराव, तो तिचा गळा आवळत होता."

"ओढत होता, मान्य हाये मले. रागात ओढते माणूस. मी बी माह्या बायकोले, भागीरथाले, ओढलं असन कितीकदा. नांदली ना चाळीस वर्षं, मेली ते तापानं मेली. थोडं ओढलं असतं अन् सोडून देल्लं असतं त्यानं." त्यांनी डोक्यावरचं उपरणं ओढून तोंड पुसलं. "सात बायांले इचारलं मी. गौरी ओरडली का? नाई म्हणतात. एक शब्द नाई काढला. लागलं असतं त ओरडली नसती का? एक डाव सोडा म्हणली असती, त त्यानं सोडलं असतं. माहा पोरगा होता तो, मले माहीत हाये."

वैष्णवी जमिनीकडे बघत होती. मला कळलं की हे सगळं तिने सहा दिवस ऐकलं आहे, आणि तिला ते पटलं आहे. आई ओरडली नाही, म्हणजे फार लागत नव्हतं, म्हणजे बाबा सोडणारच होते, म्हणजे आपल्या दोऱ्याने त्यांना मारलं. उद्या ते ठाण्यात कागदावर उतरेल. मग ही पोरगी आयुष्यभर तोच कागद वाचत राहील.

मुलांना एखादी गोष्ट सांगून कळत नसेल तर मी करून दाखवते. मला दुसरं काही येत नाही.

शालीचं उरलेलं कापड माझ्याकडे होतं. मी मशिनीवर बसले, त्यातल्या दोन पट्ट्या कापून समोरासमोर ठेवल्या, मरून दोरा ओवला. एकदा शिवण मारली, तिच्यावरून उलटी आले, पुन्हा एकदा मारली. सदाशिवराव बघत होते.

"काय करून राह्यल्या?"

"हे आता पक्कं आहे. ओढून पाहा."

त्यांनी पाय रोवून ओढलं. तसूभर हललं नाही.

मी पट्टीचा मधला जोड मानेमागे ठेवला, टोकांचा गळ्याभोवती एक वेढा घेतला आणि त्यांच्याकडे पाठ करून दोन्ही टोकं मागे त्यांच्या हातात दिली.

"अमरने ओढलं तेवढं ओढा. थोडंच ओढलं होतं म्हणता ना. मी 'सोडा' म्हटलं की सोडा. तोवर सोडू नका."

"बाई, येड लागलं का तुमाले?"

"तुम्ही ठाण्यात जे सांगणार आहात ते खरं असेल, तर मला काही होणार नाही."

त्यांनी हळू ओढलं. लोकर गळ्याला टेकली.

"असं नाही ओढलं त्याने," मी म्हटलं. "तुमच्या सुनेचे पाय जमिनीवरून सुटले होते."

मागे त्यांचा श्वास बदललेला मला ऐकू आला. सहा दिवसांचा शोक होता त्या हातांत, आणि त्याला जायला जागा मिळाली. पट्टी एकदम आवळली. मी मागे खेचले गेले, टाचा फरशीवर घासल्या. मला वाटलं होतं, दुखायला लागलं की म्हणेन. दुखण्याच्या आधीच आवाज बंद झाला. 'सोडा' हा शब्द मी तोंडात तयार केला, ओठ हलवले, आणि काहीच बाहेर आलं नाही. कानांत गिरणीसारखी घरघर सुरू झाली. ओसरीचे खांब काळे होत गेले. मी बोटं वेढ्यात घालायला गेले, आत जाईनात. मी पाय आपटले. त्यांना वाटलं असेल मी तोल सावरते आहे. ते शब्दाची वाट पाहत होते.

वैष्णवीने पाहिलं. तिने हे एकदा पाहिलेलं होतं.

"सोडा आबा. मरून राह्यल्या त्या. सोडा." तिने त्यांचे हात ओढले, हात सुटेनात, तेव्हा तिने त्यांच्या मनगटात दात रोवले आणि तसेच रोवून धरले, रक्त येईपर्यंत.

हात सुटले. मी मशिनीवर आपटून खाली पडले. कपाळ फुटलं. कितीतरी वेळ मला फक्त खोकला येत होता. वैष्णवी माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

सदाशिवराव उभेच होते. "तुमी बोलल्या काहून नाई?" ते म्हणाले. "तुमी सोडा म्हणणार होत्या. मी वाट पाहून राह्यलो होतो. काहून नाई बोलल्या?"

मी गळ्याला हात लावला आणि मान हलवली. तेव्हाही आवाज येत नव्हता.

ते माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि हळूहळू भिंतीला टेकून खाली बसले.

"बोलताच येत नाई," ते म्हणाले. ते मला सांगत नव्हते. "भागीरथा बी नाई बोलायची. मले वाटे, तिले चालते."

वैष्णवीने विचारलं, "आबा, मी पक्कं शिवलं असतं त?"

ते उत्तर देणं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. मुलगा नुकताच गेलेला होता.

"त तुही माय मेली असती," ते म्हणाले. "अन् तुह्या बापानं मारली असती. तू नाई मारलं कोणाले. तो आपल्याच जोरानं पडला. उद्या ठाण्यात मी हेच सांगतो. आजपासून तू ते दुसरं बोलायचं नाई."

ती उठून आत गेली, माठातलं पाणी आणलं, आधी मला दिलं. मला गिळता येईना, निम्मं पाणी हनुवटीवरून सांडलं. मग राहिलेलं ती स्वतः प्यायली, सगळं, उभ्यानेच. मग हळदीची डबी काढून ती आजोबांसमोर बसली. त्यांच्या मनगटावर दातांचे दोन अर्धगोल उमटले होते आणि त्यांतून रक्त ठिबकत होतं.

"दुखते का आबा?"

"दुखते."

ती हळद दाबायला लागली. त्यांनी हात मागे घेतला नाही, पण हळदीची डबी दुसऱ्या हाताने बाजूला सरकवली.

"राहू दे," ते म्हणाले. "दुखू दे थोडं."